पारा ३४ वर आणि जीव कासावीस : कोकणातला मे महिना कसा काढता?

वऱ्हाडची_लेक | ५ मे, रात्री ११:४०

नवऱ्याची बदली रत्नागिरीला झाली आणि ऐन उन्हाळ्यात अकोल्याहून बिऱ्हाड हललं. निघताना जो तो म्हणत होता, "सुटली बाप्पा तू, समुद्राकाठी चालली." आम्ही ४४-४५ अंशांत वाढलेली माणसं. इथं मोबाइलवर ३३-३४ च्या वर आकडा जात नाही. पण आंघोळ करून बाहेर आले की टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत मी पुन्हा ओली. मिठाला पाणी सुटतंय, भाजलेला पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतोय, लेकाच्या पाठीवर घामोळं उठलंय. अकोल्यात दिवसा अंगाची लाही होते, पण रात्री गच्चीवर पाणी मारून गादी टाकली की झोप तरी लागते. इथं रात्रीही सुटका नाही.

आमचा वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर ट्रकमधून आलाय. घरमालक काका म्हणतात लावूच नका. का ते सांगत नाहीत, नुसते हसतात. आणि रोज संध्याकाळी पूर्वेला, घाटाच्या बाजूला, विजा चमकताना दिसतात. आवाज नाही, पाऊस नाही, नुसता लखलखाट. हे काय प्रकरण आहे? जाणकारांनी उजेड पाडावा. (विजेचा नको.)

चहाबाज | ५ मे, रात्री ११:५२

पयला! ताई, कोकणात स्वागत. इथं मे महिन्यात आंबे खायचे आणि हवेबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असा अलिखित करार आहे. तुम्ही तो महिन्याच्या पाच तारखेलाच मोडलात.

ढगवेडा | ६ मे, सकाळी ७:१५

कूलरपासून सुरू करतो, त्यात बाकीचं बरंच येऊन जाईल.

कूलर ओल्या ताट्यांतून हवा ओढतो. ताट्यांतल्या पाण्याची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते आणि हवा गार होते. पण ती किती गार होणार याला मर्यादा असते. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा उतरत उतरत एका जागी थांबतो. त्याच्या खाली कुठलाही कूलर जाऊ शकत नाही. याला वेट बल्ब तापमान म्हणतात. अकोल्यात दुपारी ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ते येतं साधारण २३. म्हणजे कूलरला २१ अंशांचा वाव मिळाला. रत्नागिरीत ३४ अंश आणि ६५ टक्के धरा, तर ते साडेअठ्ठावीसच्या आसपास येतं. वाव उरला साडेपाच अंशांचा, तोही कागदावर, आणि बदल्यात खोलीतली हवा आणखी दमट. तासाभरात भिंतीसुद्धा चिकट होतील. काका बरोबर हसतात.

आपलं अंगही असंच चालतं. घाम नुसता आल्यानं गारवा मिळत नाही, तो वाळावा लागतो. अकोल्यात घाम आला कधी आणि वाळला कधी कळत नाही, म्हणून तिथं माणूस नकळत कोरडा पडतो. इथं घाम येतो, पण हवेत आधीच इतकी वाफ असते की तो वाळत नाही, निथळतो. निथळलेला घाम फुकट गेला. पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा काही मिळाला नाही. वेट बल्ब ३५ ला पोचलं तर सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊनही माणूस काही तासांपलीकडे तग धरणार नाही, असं २०१० साली शास्त्रज्ञांनी मांडलं. अमेरिकेत २०२२ मध्ये तरुण, धडधाकट लोकांवर चाचण्या झाल्या तेव्हा दमट हवेत ३१ च्या आसपासच शरीराचं गणित बिघडायला लागलेलं दिसलं. आपला साडेअठ्ठावीसचा आकडा त्यापासून फार लांब नाही. मोबाइलवरच्या ३४ वर जाऊ नका.

रात्रीचं कारण समुद्र. मेमध्ये अरबी समुद्राचं पाणी वरच्या थरात ३० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. त्यावरून येणारी हवा गार होऊन होऊन किती होणार? शिवाय जमिनीतून रात्री निघणारी उष्णता हवेतली वाफ अडवून धरते. तुमच्याकडचं आकाश कोरडं, उष्णता सुटून जाते. इथं ती जायला वाट नाही.

विजांबद्दल संध्याकाळी लिहितो, कॉलेजला निघालोय.

कातळावरचो | ६ मे, सकाळी ८:०५

ढगवेडेनू, बरां समजावलास. ताई, मी देवगडातलो, बागायतदार. पुढचां मराठीतच लिहितो, नायतर अर्ध्यांका कळाचा नाय.

आमच्या जुन्या घरात पंखासुद्धा उशिरा आला. मंगलोरी कौलं, वर माळा, जांभ्या दगडाच्या भिंती आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, चुडतांचा (नारळाच्या झावळ्यांचा) मांडव. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, मांडवामुळे खळं तापत नाही. आता सगळ्यांनी स्लॅब टाकले. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत खाली आग ओकतो. मग एसी आला, मग बिल आलं. भावानं गेल्या वर्षी स्लॅबवर पत्र्याची शेड घालून मधे वाऱ्याला जागा ठेवली, निदान वरच्या खोलीत आता बसता येतं. तुमचा भाड्याचा स्लॅब असेल तर गच्चीवर नारळाची चुडतं पसरून बघा. फुकट मिळतात. वारा सुटायच्या दिवसांत मात्र दोरीनं बांधा.

आणि दुपारचं श्रीखंड-पुरी बंद करा. सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, बरोबर एखादी लोणच्याची फोड. आमचे गडी तीच खाऊन उन्हात काम करतात.

लोकल_लटकंती | ६ मे, दुपारी १:२०

मुंबईकराची भर. लोकांना वाटतं मे सगळ्यात तापतो. पण सांताक्रूझचे विक्रम बघा : २८ मार्च १९५६ ला ४१.७ आणि १४ एप्रिल १९५२ ला ४२.२. दोन्ही मेच्या आधीचे. ढगवेडा, हे का?

बाकी दुपारी सव्वाच्या गाडीत दारात उभं राहून वारा खाणं हे आमचं वेट बल्ब. दादर आलं की संपलं.

ढगवेडा | ६ मे, संध्याकाळी ६:४०

छान प्रश्न. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथं कामाला येतात. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी दख्खनच्या पठारावरून पूर्वेचे वारे जोर धरतात. ते कोरडे आणि तापलेले, आणि सह्याद्री उतरून खाली येताना दाबानं आणखी तापतात. ते समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याला थोपवून धरतात. एरवी अकरा-बाराला आत येणारा खारा वारा दोन-तीनपर्यंत आलाच नाही, तर तोवर पारा ३८-३९ वर गेलेला असतो. मे उजाडला की खारा वारा लवकर आणि जोरात येतो. पारा ३४ वर अडतो, पण वारा आपल्याबरोबर समुद्राची वाफ घेऊन येतो. मार्चचा चटका कोरडा, मेचा ओला, आणि माझ्या मते ओला वाईट.

किनाऱ्यापासून आत गेलं की गोष्ट वेगळी. चिपळूण, खेड, महाड, सगळी सह्याद्रीच्या पायथ्याची खोलगट गावं. खारा वारा पोचेपर्यंत दुपार कलते. रायगडात भिऱ्याला २८ मार्च २०१७ ला ४६.५ ची नोंद झाली, तेव्हा सगळ्या देशाला भिरा कुठं आहे ते कळलं.

आणि सरकारी निकषांचं एक पाहा. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० असल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाहीत. किनाऱ्यासाठी हा उंबरठा ३७ चा आहे, आणि वर सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त हवं. इथवर ठीक. पण 'उष्ण रात्र' जाहीर करायची तर दिवसाचं तापमान ४० किंवा जास्त असायला हवं! किनाऱ्यावर ते जवळपास कधीच होत नाही. म्हणजे आपण रात्र रात्र तळमळायचं आणि कागदोपत्री ती रात्र उष्ण नव्हतीच. अलीकडे हवामान खातं कोकण-गोव्यासाठी 'उष्ण आणि दमट' असा वेगळा इशारा देतं, तो आला की गांभीर्यानं घ्या.

वऱ्हाडची_लेक | ६ मे, रात्री ९:३०

अगं बाई! एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. कूलर ओएलएक्सवर टाकते. (इथं घेईल कोण, हा वेगळा प्रश्न.) लेकाच्या घामोळ्याचं काय करू? आणि विजांचं राहिलं.

गोळी_सकाळ_संध्याकाळ | ७ मे, सकाळी ६:५०

मी चिपळूणजवळ दवाखाना चालवते. घामोळ्याला पावडरचे थर देऊ नका, रंध्रं आणखी बुजतात. दिवसातून दोन-तीनदा साध्या पाण्यानं अंघोळ, सैल सुती कपडे, आणि रात्री पंखा थेट अंगावर. पंख्याबद्दल विचारतात म्हणून सांगते : हवा साधारण ३५ च्या खाली आहे तोवर पंखा नक्की उपयोगाचा, कारण अंगालगतची ओली हवा तो हलवतो. चाळिशीच्या कोरड्या उन्हात नुसता पंखा तापलेली हवा अंगावर मारतो. एसी असेल तर ड्राय मोडवर २७ ला ठेवून पंखा लावा. १८ ची गरज नसते.

आता खरं सांगायचं ते. मे महिन्यात माझ्याकडे येतात ते बागेतले गडी, गवंडी, आणि लग्नातले आचारी. पोटऱ्यांत पेटके, डोकं दुखणं, मळमळ. दिवसभर चार-पाच लिटर नुसतं पाणी प्यायलेले असतात, मीठ काहीच नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरातलं ओआरएस. चमचा चहाचा, भाजीचा नाही! पेज, ताक, कोकम सरबत, पन्हं हे सगळं चालतं, मीठ घालायला विसरू नका. ज्यांना बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच मीठ वाढवावं.

आणि एक गैरसमज जीव घेतो. "घाम येतोय ना, मग उष्माघात नाही." दमट हवेत काम करणाऱ्या माणसाला उष्माघात झाला तरी त्याला घाम येत असू शकतो. माणूस असंबद्ध बोलायला लागला, चिडायला लागला, पाय लटपटले, की थर्मामीटर शोधत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि गाडी काढा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावरच्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ माणसं दगावली. तो काही विदर्भ नव्हता, तेही किनाऱ्यालगतचंच गाव. अशा हवेत हजारो माणसं भर दुपारी उन्हात तासन्‌तास बसवायची नसतात.

मस्कतचा_पाहुणा | ७ मे, दुपारी २:१०

तुमचं ठीक आहे हो. ओमानला क्युरियातमध्ये जून २०१८ मध्ये एका दिवसाचं *किमान* तापमान ४२.६ होतं. किमान! मी इथं पंधरा-सोळा उन्हाळे काढले. आमचं जगणं एसीतून गाडीत, गाडीतून एसीत. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला इथं कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडे रत्नागिरीतल्या गवंड्याला कोण सांगणार बारा ते तीन बस म्हणून?

चहाबाज | ७ मे, दुपारी २:१८

मुकादम सांगतो. "बस" म्हणून नाही, "उठ" म्हणून.

ढगवेडा | ७ मे, रात्री ८:००

हं, विजा. तुम्ही रत्नागिरीत, आणि सह्याद्रीची मुख्य रांग तुमच्यापासून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर. अंधारात वीज शंभर किलोमीटरवरूनही दिसते. गडगडाट मात्र पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडे क्वचित पोचतो. म्हणून लखलखाट आहे आणि आवाज नाही. तिकडे आंबा घाट, गगनबावड्याच्या अंगाला पाऊस कोसळत असतो.

हे ढग तुमच्याच घामातून उठलेत म्हणा ना. जी वाफ तुमचा घाम वाळू देत नाही, तीच खाऱ्या वाऱ्यावर बसून दुपारी सह्याद्रीपर्यंत जाते. तिथं डोंगर तिला वर ढकलतो, पलीकडून पठारावरचा वारा येऊन भिडतो. वर जाताना वाफेचं पाणी होतं, त्यातून उष्णता सुटते, ढग आणखी वर उसळतो. चारच्या सुमाराला फुलकोबीच्या गड्ड्यासारखे दिसणारे पांढरे ढग सहापर्यंत बारा-पंधरा किलोमीटर उंच होतात, आणि माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो. हा गर्जामेघ. ढगाच्या वरच्या भागातले वारे पूर्वेचे असले तर ढग घाट उतरून किनाऱ्याकडे सरकतो. नसले तर डोंगरावरच विरतो. तुमच्याकडे आत्तापर्यंत विरत असावेत.

दक्षिणेकडे, सावंतवाडी-कुडाळ-गोवा भागात, हे ढग मुंबईपेक्षा कितीतरी जास्त वेळा किनाऱ्यापर्यंत येतात. गारा मात्र किनाऱ्यावर क्वचित, कारण गोठणबिंदूची पातळी इतकी वर असते की खाली येईपर्यंत बहुतेक गारा वितळतात.

वऱ्हाडची_लेक | १२ मे, संध्याकाळी ७:२५

आज आला!! सहापासून वारा एकदम पडला. झाडाचं पान हलत नव्हतं, मला तर श्वास कोंडल्यासारखं झालं. मग पूर्वेकडून काळं-निळं काहीतरी येताना दिसलं, आणि अचानक गार वाऱ्याचा झोत, इतका जोराचा की शेजाऱ्यांचा पत्रा उडाला. विजा एकामागून एक. आत्ता लाईट गेलेली, मोबाइलवरून लिहितेय. लेक पलंगाखाली. मोबाइल बंद करू का? शेजारच्या काकू म्हणतात मोबाइलवर वीज पडते.

जोडतार | १२ मे, संध्याकाळी ७:३१

मोबाइल चालू ठेवा, पण चार्जरला लावू नका. तारेचा संबंध आला की धोका. टीव्ही, राउटर, फ्रिज, इन्व्हर्टर यांचे प्लग आधी काढायचे असतात. आता जवळ कडकडत असेल तर हात लावू नका. खिडकीपासून, नळापासून, लोखंडी ग्रीलपासून लांब बसा. अंघोळ नको, भांडी नकोत.

ढगवेडा | १२ मे, संध्याकाळी ७:४०

जोडतारकाकांशी सहमत. चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत असेल तर ढग तुमच्यावर आहे असंच समजा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणून लोक कैऱ्या वेचायला धावतात आणि तेव्हाच घात होतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप घेऊन ठेवा, आसपास वीज पडत असली की सांगतं.

उंबरठा | १२ मे, रात्री ९:०५

आमची आजी वीज कडाडली की अंगणात कोयती फेकायची. लोखंड वीज ओढून घेतं म्हणे. घरावर कधी पडली नाही हो!

जोडतार | १२ मे, रात्री ९:३०

कोयतीनं नाही, नशिबानं. कोयती फेकायला आजी अंगणात जायची, तेवढा वेळ तीच अंगणातली सगळ्यात उंच गोष्ट होती. वीज लोखंड हुंगत येत नाही. उंच, टोकदार, एकटं जे असेल ते तिला सोपं पडतं. म्हणून सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, गुरं राखणारा माणूस सगळ्यात धोक्यात. सडा सपाट, मैलभर झाड नाही, असलंच तर एकच. आणि लोक नेमके त्या एका झाडाखाली जातात. त्यापेक्षा खोलगट जागा बघून उकिडवं बसावं, पाय जुळवून, हात गुडघ्यांवर. आडवं पडू नये. जमिनीतून पसरणारा प्रवाह दोन पायांमधल्या अंतरामुळे शरीरात शिरतो. गुरं जास्त मरतात ती यामुळेच, त्यांचे पुढचे-मागचे पाय लांब लांब असतात.

मी तीस-एक वर्षं विजेच्या लाईनवर काढली, म्हणून आणखी एक सांगतो. पहिल्या वळवाला डीओ (खांबावरचा फ्यूज) उडणं ठरलेलं. पण घरातली उपकरणं जळतात त्याचं मोठं कारण घराचं अर्थिंग असतं. कातळात अर्थिंग मुळात कठीण. जांभा उन्हाळ्यात ठणठणीत सुकतो, प्रवाहाला जायला वाट राहत नाही. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात एप्रिलपासून आठवड्याला बादलीभर पाणी ओता. कुणी ओतत नाही. मग टीव्ही जळला की वायरमनच्या नावानं शंख.

उंबरठा | १२ मे, रात्री ९:४१

पटलं नाही पूर्ण. जुन्या लोकांचा अनुभव काही उगाच नसतो. पण खड्ड्यात पाणी ओततो.

कातळावरचो | १३ मे, सकाळी ६:१०

तुमका पाऊस इलो म्हणून आनंद, आमची झोप गेली. रात्री इथंही झोडपलं. झाडावर अजून निम्मा आंबा. वाऱ्यानं गळला तो गळला, तो कॅनिंगला किलोवर जाईल. खरा त्रास पुढच्या आठवड्यात. ओलीनं फळावर करप्याचे काळे डाग येतात आणि फळमाशी वाढते. पेटीतला एक आंबा किडका निघाला की वाशीचा व्यापारी सगळा माल पाडून मागतो.

उन्हाचंही तसंच. खालची कातळ तापून उष्णता फळाला मारते, झाडावर जास्त पिकू दिलं तर आत साका होतो. वरून हापूस देखणा आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट गोळा. म्हणून आम्ही चौदा आणे तयार झाला की काढतो, तोही सकाळी लवकर किंवा चारनंतर, झेल्यानं (लांब काठीला जाळी लावलेली असते त्यानं), देठ ठेवून. आता चारनंतर म्हटलं तर नेमका वळवाचा वेळ. माणूस झाडावर, हातात लांब काठी, आणि पूर्वेला ढग. गेल्या वर्षीपासून मी गड्यांना सांगून ठेवलंय, गडगड ऐकली की झेला टाकून उतरायचं, आंबा गेला खड्ड्यात. ते ऐकत नाहीत, त्यांना पेटीमागे पैसे मिळतात.

बायकोची आमसुलं खळ्यात होती, सातव्या पुटाला. सगळी भिजली.

मांडवीकाठ | १३ मे, सकाळी १०:२०

पणजीतून. आमच्याकडे एप्रिलअखेरपासून तीन-चारदा येऊन गेला. पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) तयारी चालू आहे, खारं मासळी, सोलां (कोकमं), मिरच्या सगळं उन्हात, आणि दर संध्याकाळी धावपळ. वऱ्हाडताई, पाऊस पडून गेला म्हणून हुरळू नका. उद्या ऊन पडलं की जमिनीतली ओल वर येईल आणि आजच्यापेक्षा जास्त उकडेल.

वऱ्हाडची_लेक | १३ मे, दुपारी ३:००

मांडवीकाठ, तुमच्या तोंडात साखर पडो असं म्हणवत नाही. तंतोतंत तसंच झालंय. रात्री २४ वर आलं होतं, चादर घेतली! आणि आत्ता भिंतीला हात लावला तरी ओला होतोय.

लोकल_लटकंती | १३ मे, रात्री १०:१५

आज तेरा मे. २०२४ ला याच तारखेला मुंबईत दुपारी धुळीचं वादळ उठलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर ते अवाढव्य होर्डिंग कोसळलं, सतरा माणसं गेली. पाऊस फार नव्हताच. तो जो पावसाआधीचा गार झोत म्हणताय ना, तोच. आता आभाळ काळवंडलं की मी होर्डिंग आणि पत्र्यांपासून लांब उभा राहतो, भिजलो तर भिजलो.

ढगवेडा | १४ मे, सकाळी ७:३०

बरोबर. ढगातून पडणाऱ्या पावसानं हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरते. पाऊस यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं हा झोत पुढे धावतो. ताई, आधी वारा पडला होता म्हणालात, तीच खूण. पत्रे, कपडे, माणसं, सगळं तेव्हाच आत घ्यायचं.

उंबरठा | २४ मे, सकाळी ९:००

धागा वर काढतो. तीन दिवस रोज पडतोय. मान्सून आला असं समजायचं का? उद्यापासून रोहिणी. घरी धूळवाफेची (कोरड्या मातीत भाताची) पेरणी करायची की थांबायचं यावर भांडण चाललंय.

ढगवेडा | २४ मे, दुपारी १२:१०

पाऊस पडला म्हणजे मान्सून नाही. केरळात तो जाहीर करायला चौदा ठरलेली केंद्रं आहेत. १० मेनंतर त्यांतल्या साठ टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर तरी पाऊस हवा, आणि जोडीला पश्चिमेचे वारे बऱ्याच उंचीपर्यंत पोचलेले हवेत. तिथून मुंबईची सरासरी तारीख ११ जून. तुमचा पाऊस कुठून येतोय ते बघा. संध्याकाळी, पूर्वेकडून, गडगडाट करत येऊन तासाभरात गेला तर तो वळीव. समुद्राकडून, रात्री-अपरात्री, फारसा आवाज न करता आला आणि मुक्कामच ठोकला तर मग बोलू.

पण २०२५ विसरू नका. २४ मेला केरळात, आणि दोनच दिवसांनी, २६ मेला मुंबईत. १९५० पासूनच्या नोंदींतलं मुंबईतलं सर्वांत लवकर आगमन. त्याच सुमाराला अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा रत्नागिरीजवळ किनाऱ्याला लागला होता. कुलाब्याचा त्या मे महिन्यातला पाऊस २९५ मिलिमीटरच्या वर गेला.

कातळावरचो | २४ मे, दुपारी १:४५

२०२५ ला कसली धूळवाफ! मातीत धूळ होतीच कुठे. बियाणं भिजवून, मोड काढून चिखलात फेकलं, रहू पद्धतीनं. माझ्या काकानं तर राब भाजायलासुद्धा (रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळायलासुद्धा) मिळालं नाही म्हणून शिव्या घातल्या.

उंबरठा, तुमची जमीन आत्ता किती ओली आहे त्यावर आहे. वरची चार बोटं भिजून खाली कोरडी असेल तर आत्ता टाकलेलं बी रुजेल, आणि मधे आठ-दहा दिवस ऊन पडलं की करपेल. पूर्ण कोरड्या मातीत टाकलं तर ते पडून राहील, पक्षी-मुंग्यांपासून वाचलं तर. अर्धवट ओल सगळ्यात वाईट.

उंबरठा | २४ मे, दुपारी २:३०

नेमकी अर्धवटच आहे.

ढगवेडा | २४ मे, दुपारी ३:०५

मग थांबा. पुढच्या आठवड्यात पश्चिमेचे वारे बसलेले दिसत नाहीत, आणि ऊन कडक आहे.

कातळावरचो | २४ मे, दुपारी ३:२०

थांबा म्हणणं सोपं आहे, सर. पॉवर टिलरवाला उद्या येतोय, परवा तो दुसऱ्या गावात. जूनमध्ये फोन उचलणार नाही. मी अर्ध्या वाफ्यांत उद्या टाकतोय आणि अर्धं बियाणं घरात ठेवतोय. उंबरठा, तुमच्याकडे रत्नागिरी-२४ भाताचं बियाणं आहे का शिल्लक? दहा-बारा किलो लागेल.

उंबरठा | २४ मे, दुपारी ३:३२

आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. तुम्ही आमसुलं देत असाल तर बदल्यात.

कातळावरचो | २४ मे, दुपारी ३:३५

भिजली ना रे सगळी! फणसपोळी चलात काय?